जावयास पुणे दाखविण्याविषयी

पुण्यातील ऐतिहासिक वास्तू या पाहण्यासाठी नसून दाखवण्यासाठी असतात, ही गोष्ट पुण्याच्या इतिहासावरील ग्रंथांत सहसा नोंदवलेली आढळत नाही. तथापि पेठांमधील जुन्या वाड्यांत आणि आता कोथरूडपासून धानोरीपर्यंत पसरलेल्या गृहसंकुलांत राहणाऱ्या कुटुंबांचे वर्तन बारकाईने पाहिले असता हाच निष्कर्ष काढावा लागतो. शनिवारवाड्यावरून रोज दोनदा दुचाकी नेणाऱ्या पुणेकराला तो वाड्याच्या आत शेवटचा केव्हा गेला होता असे विचारल्यास त्याचे उत्तर सालात न येता पाहुण्यांत येते: ‘नागपूरची मंडळी आली होती तेव्हा.’ पाहुणे येत नसते, तर या शहरातील निम्म्या रहिवाशांना आपला इतिहास बाहेरून, आणि तोही सिग्नल लागला असता दिसेल तेवढाच, ठाऊक राहिला असता.

प्रस्तुत विवेचनासाठी नागपूरचेच पाहुणे निवडण्याचे कारण असे, की या दोन शहरांचा संबंध जुना आणि कागदोपत्री सिद्ध आहे. नागपूरकर भोसले आणि पेशवे यांच्यात कधी सख्य, तर कधी कुरबुर चाले; १७६३ मध्ये जानोजी भोसले निजामाच्या बाजूने पुण्यावर चालून आले आणि त्या स्वारीत शहर लुटले व जाळले गेले. त्या प्रसंगी पाहुण्यांना शहर दाखवण्याचा प्रश्न उद्भवला नाही, कारण यजमान मंडळी आधीच गाव सोडून गेली होती. आजची परिस्थिती यजमानांना इतकी अनुकूल नाही. पुण्याची मुलगी नागपूरला दिलेली असते, ती सुटीत नवरा आणि मुले यांच्यासह माहेरी येते, आणि तिचा नवरा हा या घराचा जावई असल्यामुळे त्याला एक पूर्ण दिवस पुणे दाखवणे हे सासुरवाडीचे कर्तव्य ठरते. जावई याचा व्यवहारातील अर्थ असा, की ज्याची चूक काढता येत नाही आणि ज्याने काढलेली चूक नाकारता येत नाही असा नातलग.

दाखवण्याचे काम त्या मुलीच्या भावाकडे येते. घरात मुले झाली की मोठ्यांची नावे मुलांच्या तोंडून ठरत असल्यामुळे या गृहस्थांना दिवसभर सगळेच ‘मामा’ म्हणतात, आणि पुण्याची मुले आत्याच्या यजमानांना ‘काका’ म्हणत असल्यामुळे जावयांचे नाव ‘काका’ पडते. या दुसऱ्या संबोधनाला शनिवारवाड्यात विशेष महत्त्व येणार असल्याने ते येथेच नोंदवून ठेवणे इष्ट. उरलेल्या मंडळात आजी, आजोबा, आत्या, मामी आणि वेगवेगळ्या उंचीची मुले असतात. पीएमपीची ‘पुणे दर्शन’ बस एका दिवसात हे सारे व्यवस्थित दाखवते, हे मामांना माहीत असते. पण ते तिचा विचारही करीत नाहीत, आणि त्याचे कारण ते सांगतात तसे बसच्या वेळा हे नसून त्या बसमध्ये माहिती सांगायला दुसरा माणूस असतो हे आहे.

निघण्याची वेळ आदल्या रात्री सकाळी आठ अशी ठरते आणि ती सर्वांना मान्य असते. साडेदहाला गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडते, तेव्हा मधल्या अडीच तासांचा हिशेब कोणाकडेही नसतो; आजींच्या मते हा वेळ पोह्यांत गेला, आत्याच्या मते तो भावाच्या आंघोळीत गेला, आणि जावई मात्र आठ वाजताच बूट घालून कोचावर बसलेले होते हे सर्वजण नंतर, थोडेसे अपराधीपणाने, कबूल करतात.

पहिला मुक्काम लाल महाल हा असतो. शहाजीराजांनी जिजाबाई आणि बाल शिवाजी यांच्या वास्तव्यासाठी बांधवलेला आणि पुढे १६६३ च्या एप्रिलमध्ये शायिस्ताखानाची बोटे जेथे तुटली तो मूळ महाल काळाच्या ओघात नाहीसा झाला असून, सध्या दिसणारी इमारत पुणे महानगरपालिकेने मूळ जागेच्या काही भागावर १९८४ ते १९८८ या काळात उभारलेली आहे. मामा हे सांगण्याचे टाळतात, कारण खान कोणत्या खिडकीतून पळाला हे त्यांना बोटाने दाखवायचे असते. अडचण आजोबांची होते. इतिहासलेखनात समकालीन साक्षीदाराच्या जबानीला फार मोल असते, परंतु साक्षीदार प्रत्यक्ष शेजारी उभा राहून ‘अरे, ही खिडकी बसवताना आम्ही बघितली आहे, तेव्हा इथून मंडईला जायचो रोज’ असे म्हणू लागला, की अभ्यासकाची पंचाईत होते. आजोबा ज्या वास्तूपेक्षा वयाने मोठे आहेत, तिला नातवंडांनी ऐतिहासिक कसे म्हणावे, हा प्रश्न अनुत्तरित ठेवून मंडळी शेजारच्या शनिवारवाड्याकडे वळतात.

शनिवारवाड्याच्या तिकीट खिडकीपाशी दोन विधी पार पडतात. पहिला विधी पैसे कोणी द्यायचे याचा असतो आणि त्यात जावयांनी पाकीट बाहेर काढणे, मामांनी ते हाताने मागे लोटणे, पुन्हा जावयांनी फोन पुढे करणे अशा क्रिया ठरलेल्या क्रमाने होतात. मामांचा फोन नेमका तेव्हाच चौकोनी संकेतचिन्ह वाचायला नकार देतो आणि रांगेतील मागची मंडळी दोन्ही घराण्यांविषयी आपले मत बनवू लागतात. दुसरा विधी वयाचा आहे. हे स्मारक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या अखत्यारीत येते आणि त्या विभागाच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत असतो, त्यामुळे खिडकीपुढे उभे राहताच कुटुंबातील मुलांची वये खाली येऊ लागतात. मिसरूड फुटलेला भाचा क्षणार्धात चौदा वर्षांचा होतो, आणि ‘मी अकरावीत आहे’ असे त्याने स्वाभिमानाने जाहीर केल्यावर त्याच्या हुशारीचे कौतुक करून विषय मिटवावा लागतो. वाचलेली रक्कम एका पाण्याच्या बाटलीइतकी असते, पण तत्त्वाचा प्रश्न असतो.

शनिवारवाड्याचे भूमिपूजन १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, थोरल्या बाजीरावांनी केले आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी, तीही शनिवारी, झाली. बांधकामाला १६,११० रुपये खर्च आला असे सांगतात. या आकड्याचा उच्चार होताच कुटुंबातील सर्व प्रौढ पुरुष काही काळ गप्प होतात, कारण प्रत्येकजण मनात तो आकडा आपल्या सदनिकेच्या मासिक हप्त्याशी ताडून पाहत असतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या दिल्ली दरवाज्याच्या प्रत्येक फळीवर बारा इंची बहात्तर अणकुचीदार खिळे असून ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेले आहेत, जेणेकरून शत्रूच्या हत्तीने धडक देऊन दार फोडू नये. मुले खिळे मोजायला लागतात आणि हत्ती खरोखर आले होते का असे विचारतात. आले नव्हते हे उत्तर त्यांना दरवाज्याच्या यशाचा पुरावा वाटत नाही, तर दिवसाची पहिली निराशा वाटते. मोठ्या दरवाज्याच्या एका फळीत बसवलेल्या छोट्या दाराला दिंडी म्हणतात; तिच्यातून आत येणाऱ्याला वाकावे लागते आणि त्यामुळे तो एकाएकी हल्ला करू शकत नाही, हे स्पष्टीकरण देताना मामा जावयांकडे मुद्दाम पाहत नाहीत.

आत गेल्यावर कौटुंबिक स्थलदर्शनातील सर्वांत कठीण प्रसंग उभा राहतो. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीने वाडा आठवडाभर जळत राहिला आणि तटबंदी, दरवाजे, नगारखाना एवढे सोडून आतील सारे महाल खाक झाले, त्यामुळे आज तेथे हिरवळ आणि तिच्यामधून वर डोकावणारी दगडी जोती आहेत. जोते म्हणजे ज्यावर घर उभे असते तो चौथरा. दाखवणाऱ्याला आता जे नाही ते दाखवायचे असते. मामा गणेश महालाच्या जागी बोट करतात, मंडळी त्या बोटाच्या रोखाने हवेत पाहतात, आणि काही वेळ सर्वांच्या चेहऱ्यावर आदराचा भाव टिकवून धरला जातो; अखेर जावई शांतपणे विचारतात, ‘म्हणजे नाही आहे ना ते?’ मामा म्हणतात, ‘होते.’ ‘मग पाहाचं काय?’ या प्रश्नाला पुण्याजवळ दोनशे वर्षांत समाधानकारक उत्तर सापडलेले नाही, आणि म्हणूनच ‘आपल्याला हे डोळ्यांपुढे आणावे लागते’ असे एक वाक्य येथील प्रत्येक दाखवणाऱ्याला पाठ असते. आजी तोवर एका जोत्यावर बसून चिवड्याचा डबा उघडतात. ते जोते कशाचे हे त्यांना कोणी सांगितले नाही, पण सावली कोठे पडते हे त्यांनी आत शिरताच हेरलेले असते. सवाई माधवरावांसाठी बांधलेल्या कमळाकृती हजारी कारंज्याला खरोखरच हजार तोंडे आहेत का, हे पाहायला निघालेले शोधपथकही चिवड्याच्या वासाने परत येते.

या वाड्यात मुलांना खिळवून ठेवणारी गोष्ट एकच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी तरुण पेशवे नारायणराव यांचा गारद्यांनी, म्हणजे वाड्यावरील पगारी पहारेकऱ्यांनी, वाड्यातच खून केला; चुलते रघुनाथराव यांचे नाव त्या कटात गोवले गेले आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांना दोषी धरले. ‘काका, मला वाचवा’ ही आरोळी अजूनही रात्री ऐकू येते अशी लोककथा आहे, आणि ती मामांनी आवाज खाली आणून सांगताच पुण्याची सारी मुले एकाच वेळी वळून आपल्या काकांकडे पाहतात. नागपूरचे काका त्या क्षणी लिमलेटच्या गोळीचा कागद सोडवीत असतात. सकाळपासून त्यांनी मुलांना दोनदा गोळ्या वाटलेल्या असल्या, तरी पुढचा तासभर त्यांच्या हातून कोणी काही घेत नाही. ‘धरावे’ या हुकुमाचे ‘मारावे’ रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी केले, ही प्रसिद्ध कथा मागोमाग येते, आणि तेथे अनपेक्षितपणे आत्या आणि मामी यांचे एकमत होते: भांडण पुरुषांचे, गादी पुरुषांची, तलवारी पुरुषांच्या हातात, आणि अक्षर तेवढे बाईने बदलले. या दोघींचे दिवसातील हे पहिलेच एकमत असून सदनिकेच्या ताब्यासाठी न्यायालयात गेलेल्या एका दूरच्या चुलत घराण्याच्या ताज्या बातमीपर्यंत ते सहज लांबते. पेशवाईची भाऊबंदकी समजून घेण्यासाठी ग्रंथांची फारशी गरज नसते, असे ही चर्चा ऐकणाऱ्याला वाटल्यास त्याला दोष देता येणार नाही.

वाड्यातून बाहेर पडता पडता जावई आपला राखून ठेवलेला मुद्दा मांडतात, की १७ नोव्हेंबर १८१७ रोजी या वाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले ते एका पुणेकराच्याच हातून, आणि फार झटापट न होता. बाळाजीपंत नातूंचे नाव पाहुण्याने काढणे हा पुण्यात शिष्टाचाराचा भंग समजतात. मामांजवळ याला उत्तर तयार असते: सीताबर्डीच्या टेकडीवर नागपूरकरांच्या फौजेचा पराभव झाला तो त्याच महिन्याच्या २६ आणि २७ तारखेला, म्हणजे जेमतेम दहा दिवसांनी. ‘आमचे लढून गेले,’ असे जावई म्हणतात. ‘दोघांचेही गेलेच ना,’ असे म्हणून आजोबा गाडीची किल्ली मागतात, आणि मराठेशाहीच्या अस्ताची इतकी थोडक्यात मांडणी अन्यत्र क्वचितच आढळते.

राजा दिनकर केळकर संग्रहालय हे या दिवसाचे खरे मर्मस्थान आहे, कारण येथे दाखवण्याची सूत्रे मामांच्या हातातून निसटून आजींकडे जातात. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर यांनी गावोगाव हिंडून रोजच्या वापरातील जुन्या वस्तू जमवल्या आणि बालपणी वारलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने हा संग्रह उभा केला. त्यांतील वस्तूंची संख्या वीस हजारांच्या वर गेली. दिवे, अडकित्ते, कुलपे, वाद्ये, फण्या, शेवगे, आणि वज्री, म्हणजे पाय घासण्याचे धातूचे खरखरीत साधन, ज्याच्या पाठीवर पक्षी आणि माणसे कोरलेली असतात. राजवाड्यातील सिंहासनापुढे ज्या आजी दोन सेकंद थांबत नाहीत, त्या पितळी अडकित्त्यांच्या कपाटासमोर चष्मा पुसून उभ्या राहतात. घोड्याच्या आकाराचा एक अडकित्ता त्यांना हवा असतो, तो दिसतो, आणि मग गंभीर आवाजात वाक्य येते: ‘अगदी अस्साच होता आपल्याकडे.’

यानंतरचे सारे चौकशी आयोगाच्या थाटात चालते. तो अडकित्ता गेला कुठे? आजोबांच्या आठवणीप्रमाणे तो स्टीलची भांडी घरात आली त्या वर्षी मोडीत गेला, मोडीत देणे म्हणजे जुना धातू वजनावर विकून टाकणे; आजींच्या म्हणण्याप्रमाणे मोडीत गेले ते घंगाळ, आणि अडकित्ता आजोबांच्या धाकट्या बहिणीने ‘सहज बघायला’ म्हणून नेला तो परत आला नाही. बोहारणीचेही नाव निघते, जी जुने कपडे घेऊन त्या बदल्यात भांडी देत असे, आणि जिला एका दुपारी जरीच्या दोन साड्यांवर एक चहाची किटली घेऊन पाठवल्याचे दुःख आजींना आजही आवरत नाही. काचेपलीकडच्या वस्तूखाली काळ आणि प्रदेश लिहिलेला असतो. काचेअलीकडे तीच वस्तू कोणी, कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून घालवली हे नावागावासह सांगितले जाते, आणि या दुसऱ्या प्रकारची नोंद ठेवणारे संग्रहालय अद्याप कोठे निघालेले नाही, ही उणीव मोठी आहे. शेजारी उभी असलेली अनोळखी कुटुंबे हळूहळू आपापला हरवलेला अडकित्ता आठवू लागतात. कोथरूडहून हलवून येथे पुन्हा उभारलेला मस्तानी महाल पाहायचा राहतोच, म्हणून मामा घड्याळ दाखवतात. तिकडे कोणी लक्ष देत नाही.

मस्तानीची भेट या मंडळींना एका दिवसात तीनदा घडते. सकाळी वाड्याच्या तटात तिच्या नावाचा दरवाजा दिसतो, दुपारी संग्रहालयात तिच्या महालाची लाकडी कारागिरी घाईघाईने दिसते, आणि त्यानंतर ती उंच ग्लासात, दाट दूध आणि त्यावर आइसक्रीमचा गोळा अशा रूपात समोर येते. बुंदेलखंडच्या छत्रसालाची ही कन्या पहिल्या बाजीरावांबरोबर पुण्यात आली तेव्हा शहराने तिला घरात घेतले नाही, आणि तिचे दफन येथून दूर पाबळला झाले. त्याच शहराने तिला पुढे आंबा, पिस्ता आणि सीताफळ अशा प्रकारांत स्वीकारले. हा पश्चात्ताप म्हणावा की विस्मरण, याचा निर्णय अभ्यासकांवर सोपवून जावई दुसरा ग्लास मागवतात. त्यांनी पुण्याची मोकळ्या मनाने केलेली ही दिवसातील एकमेव प्रशंसा असते, आणि ती ऐकून मामांना जो आनंद होतो तो दिल्ली दरवाज्यापाशीही झालेला नसतो.

आगाखान पॅलेस यादीत असतो, पण दूर पडतो. १९४२ च्या ऑगस्टपासून १९४४ च्या मे महिन्यापर्यंत गांधीजी येथे स्थानबद्ध होते, महादेवभाई देसाई अटकेनंतर आठवड्याच्या आत येथेच वारले आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच वारल्या, आणि त्या दोघांच्या समाध्या आवारात आहेत. दाखवणाऱ्याने काहीही न बोलता चालेल अशी ही शहरातील जवळपास एकमेव वास्तू असावी, आणि बहुधा म्हणूनच ती दर वर्षी ‘पुढच्या खेपेला’ या सदरात जाते.

ऊन उतरल्यावर पर्वती येते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधलेल्या देवस्थानाच्या या टेकडीला १०३ पायऱ्या आहेत असे पुण्यात सर्वमान्य आहे, आणि त्या मोजत चढायच्या असा प्रघात आहे. परंतु कुटुंबातील दोन व्यक्तींची बेरीज सारखी आलेली कोणी पाहिलेली नाही. चिमुकल्या भाचीची गणती ऐंशीनंतर थेट शंभरावर जाते, आजोबा दम खाण्यासाठी थांबले की मागच्या तीन पायऱ्या पुन्हा धरतात, आणि जावयांचा आकडा सव्वाशेच्या वर जातो, ज्यावरून पुणेकर पायऱ्या कमी सांगून माणसाला वर चढवतात असा त्यांचा ग्रह होतो. पानिपतच्या दुःखात खचलेल्या नानासाहेबांनी १७६१ मध्ये याच टेकडीवर प्राण सोडला, आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावांनी येथून पाहिली असे सांगतात. वर जाऊन, दूरवर बोट दाखवून, खाली काय चालले आहे ते न्याहाळायचे आणि मग सवडीने दुसरीकडे निघून जायचे, ही पर्वतीवरील पर्यटनाची रीत त्यांनीच घालून दिली, आणि आजतागायत ती पाळली जाते. मंडळी काठावर उभी राहून शहरात आपले घर शोधतात. प्रत्येकाला ते वेगळ्या दिशेला सापडते.

खाली सारसबागेतल्या तळ्यातील गणपतीपाशी, ज्याला पुणेकर थंडीत स्वेटर आणि कानटोपी घालतात, नागपूरच्या मुलांचे कुतूहल जागे होते. त्यांच्या गावीही थंडी पडत असली, तरी तेथील देवाला कोणी स्वेटर चढवल्याचे त्यांनी पाहिलेले नसते. बाहेरच्या गाड्यांवर भेळ येते, पाकिटे पुन्हा निघतात, पुन्हा मागे लोटली जातात. फोनमधील छायाचित्रे चाळली जातात तेव्हा असे आढळते, की दिवसभरात काढलेल्या एकाही चित्रात कोणतीही वास्तू पूर्ण आलेली नाही: दिल्ली दरवाजा आत्याच्या खांद्यापर्यंत आहे, लाल महालाला कठडा आणि भाच्याची दोन बोटे तेवढी आहेत, आणि पर्वतीचे देऊळ म्हणून जे पाठवले जाते ते खालच्या चपलांच्या ढिगाचे निघते.

अखेरीस जावई परतीचे आमंत्रण देतात, आणि ते मनापासून असते. ‘आता तुम्ही या नागपूरला. सीताबर्डीचा किल्ला दाखवतो, अख्खा आहे, जळला-बिळला नाही.’ मामा तत्परतेने होकार देतात आणि दिवाळीच्या सुटीची तारीखही सुचवतात. हा किल्ला लष्कराच्या ताब्यात असून सर्वसामान्यांसाठी तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीनच दिवशी उघडतो, ही माहिती दोघांपैकी एकालाच असते, आणि तो भेळेत वरून थोडी शेव मागण्यात गुंतलेला असतो.